छातीतली मळी

लासुर्ण्याच्या शिवारात एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे. रस उकळायची काहील गंजलेली, तिच्याखालच्या चुलाणात बाभळी उगवलेल्या. पण त्या हिवाळ्यात दर गुरुवारी सकाळी तिथं इतक्या गाड्या लागायच्या, की उसाच्या ट्रॅक्टरांना वाट मिळेना. बावड्याहून, निमगाव केतकीहून माणसं येत. खोकणारी, धापा टाकणारी, शाली गुंडाळलेली. सगळी एकमेकांच्या तोंडावर खोकत दाटीवाटीनं बसत. एक आजार घेऊन आलेला माणूस दोन घेऊन घरी जात असेल, पण ते बघायला तिथं कुणी रिकामं नव्हतं.

सगळ्यांचे डोळे लागलेले असायचे झुंबरनाथ महाराजांकडे.

हा झुंबर पूर्वी याच गुऱ्हाळावर गुळव्या होता. उसाचा रस उकळला की गुळव्या त्यात चुना आणि भेंडीचं पाणी घालतो, रसातली घाण फेस होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. तिला म्हणतात मळी. उसाच्या पट्ट्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गुऱ्हाळ बंद पडलं, झुंबरनं वर्षभर इकडंतिकडं हातपाय मारले आणि एके दिवशी भगवी शाल पांघरून तो परत त्याच काहिलीशेजारी येऊन बसला.

"रसात मळी असती, ती नजरंला दिसती का? न्हाय," तो सुरू करायचा. "चुलाणावर चढवली की वर येती. तशीच मळी मान्साच्या छातीत असती. डॉक्टर फोटू काढतो, त्येला नुसतं पांढरं धुकट दिसतं. म्या ती काढून तुमच्या हातात देतो. घ्या पेला, फुंका."

काचेच्या पेल्यात नितळ पाणी. त्यात पपईच्या देठाची पोकळ नळी. आजाऱ्यानं नळीतून फुंकायचं. पाणी बुडबुडायचं, मग गढूळ व्हायचं आणि बघता बघता ताकासारखं पांढरं. गर्दीतून हुंकार उठायचा. छातीतली मळी डोळ्यांदेखत उतरली! महाराज तो पेला मागच्या उंबराच्या बुडाशी ओतायचे. असे तीन गुरुवार, मधल्या दिवसांत घरच्यांनी उपास धरायचा. तिसऱ्या गुरुवारी कितीही फुंकलं तरी पाणी नितळ राहायचं, म्हणजे छाती साफ झाली. तोवर दवाखान्याची सुई नको, यंत्राची हवा नको.

बरीच माणसं बरीही व्हायची. साधा सर्दीखोकला तीन आठवड्यांत घरी बसूनही जातो. ज्यांचा गेला नाही, त्यांच्यातलं कुणी तक्रार करायला परत आलं नाही, आणि काही तर परत यायला उरलेच नव्हते.

इंदिराबाईंनी हे सगळं ऐकलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. गावच्या हायस्कुलात त्या चोवीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. आपल्या घरचं कुणी त्या पेल्यात फुंकेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांचे यजमान आनंदराव पाटबंधारे खात्यात नोकरीला, शिकलेले, रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. पण आई गुदमरताना बघितली की शिकलेलं माणूसही काडीचा आधार शोधतं.

त्यांची आई म्हणजे शकुबाई. इंदिराबाई सासूला आत्या म्हणायच्या. लग्नानंतर सुनेला बीएडला पाठवणारी आणि मागं तान्हं पोर सांभाळणारी ही बाई. "तू शिकीव, म्या राखते," एवढंच म्हणाली होती. बहात्तर वर्षांची, कमरेला पानतंबाखूची चंची, चंचीत चुन्याची डबी. एका लग्नाहून ताप घेऊन आली, खोकला वाढला, आणि चौथ्या दिवशी भात्यासारखी छाती हलायला लागली. बारामतीला दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजन लागला. डॉक्टर राजेश्वरींनी मंगळवारी घशातला नमुना तपासणीला पाठवायला सांगितला.

नमुना घ्यायला लॅबमधून पुष्कर आला, तेव्हा इंदिराबाईंना केवढा धीर वाटला. पुष्कर त्यांचा विद्यार्थी. दहावीला त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून अभ्यास केलेला, आत्यांच्या हातच्या भाकरी खाल्लेला. बारामतीतल्या त्या लॅबमध्ये त्याला चिकटवायला इंदिराबाईंनीच शब्द टाकला होता. आता दाराशी त्याची नवी मोटारसायकल उभी दिसली आणि त्यांना बरं वाटलं. पोरगं मार्गाला लागलं म्हणायचं.

"आज्जी, आ करा," तो म्हणाला. आत्या एवढ्या धापेतही हसल्या.

गुरुवारी दुपारी आनंदराव दवाखान्यात आले ते वेगळाच चेहरा घेऊन. बायकोला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की सकाळी ते गुऱ्हाळावर जाऊन आले. पहिल्या बैठकीला रक्ताच्या माणसानं फुंकलं तरी चालतं म्हणून आईच्या नावानं त्यांनीच फुंकलं, आणि पाणी पांढरं झालं. महाराजांनी पेला उन्हाला धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, छातीत तीन जण बसलेत.

"आणि फुंकलं कुणी? तुम्हीच ना?" इंदिराबाई म्हणाल्या. "मग ते तिघं तुमच्या छातीत निघाले. ती चुन्याची निवळी आहे हो. आठवीच्या पुस्तकातली."

आनंदराव रागावून बाहेर निघून गेले. संध्याकाळी डॉक्टर राजेश्वरींनी दोघांना बोलावून रिपोर्ट दाखवला. आत्यांच्या नमुन्यात एकाच वेळी तीन विषाणू सापडले होते. एक फ्लूचा, एक श्वासनळ्यांना सूज आणणारा आरएसव्ही आणि तिसरा अॅडिनोव्हायरस.

आनंदरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. यात आक्रीत काही नाही. पूर्वी आपण एकेक विषाणू शोधायचो, आता एकाच नमुन्यात वीसेक शोधता येतात, म्हणून न्यूमोनियाच्या काही रुग्णांत दोन-दोन, तीन-तीन दिसतात. लग्नाच्या मांडवात पाचशे माणसं खोकत असतील तर एकाच नाकातून तिघं आत यायला किती वेळ लागतो? तिघंही सारखेच त्रास देतात असंही नाही, एखादा नुसताच घशात बसलेला असतो. औषध चालू आहे, पण खरा आधार ऑक्सिजनचा. अजून आठवडाभर तो काढायचा नाही. काढला तर जिवावर बेतेल.

आनंदरावांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पाण्याचं सोड. चुना असेल, नाहीतर आणखी काही असेल. रिपोर्ट आपल्याला आत्ता कळला. त्याला सकाळी तीन कसं कळलं?"

इंदिराबाईंजवळ उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसताना ते आहे असं दाखवायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या गुरुवारी दुसरी बैठक. तिला आजाऱ्यानं स्वतः यायचं आणि यंत्राची हवा सोडून यायचं. आनंदरावांनी गाडी सांगितली. स्वतःच्या जबाबदारीवर आईला नेतो असं लिहून द्यायची त्यांची तयारी होती. इंदिराबाई विनवून, भांडून थकल्या. प्रत्येक वादाच्या शेवटी तोच प्रश्न यायचा आणि वाद तिथंच तुटायचा.

शनिवारी आत्यांच्या उशाशी बसून त्यांनी रिपोर्ट पुन्हा काढला. नावं, आकडे सगळं वाचून झालं होतं. या वेळी त्यांनी तळाची बारीक अक्षरं वाचली. तपासणी पूर्ण, बुधवार, सायंकाळी सहा. डॉक्टरांची सही, गुरुवार, दुपारी चार.

म्हणजे बुधवारी संध्याकाळपासून तीन हा आकडा लॅबमध्ये पडून होता. आणि लॅबमधलं लासुर्ण्याचं माणूस एकच होतं.

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ज्याला घरचा समजलं त्याच्याबद्दल असलं मनात तरी कसं आलं? त्यांनी रिपोर्ट घडी करून ठेवला. मग नवी मोटारसायकल आठवली. मग आठवीचा वर्ग आठवला. निवळीचा प्रयोग करायला पुढं येणारा, आणि प्रयोग झाल्यावर उरलेली निवळी घरी न्यायला मागणारा मुलगा आठवला.

मंगळवारी पुष्कर आत्यांचं रक्त घ्यायला आला. इंदिराबाई त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याशी खोटं बोलल्या.

"पुष्कर, पुण्याहून दुसरा रिपोर्ट आलाय. पाच विषाणू निघालेत. यांना सांगितलं नाही मी, खचतील. तुझ्याजवळच ठेव."

"माझ्याकडनं कुटं जातंय, बाई," तो म्हणाला. किती सरळ म्हणाला!

बुधवारी त्यांनी एका कागदावर आकडा लिहिला, घडी घातली, आनंदरावांच्या खिशात ठेवली आणि एवढंच मागितलं, की आईला हलवण्याआधी आपण दोघं गुऱ्हाळावर जाऊ. आता छातीत किती जण आहेत ते महाराजांना विचारा. कागदावरचाच आकडा निघाला, तर आत्या दवाखान्यातच राहतील. आनंदराव हो म्हणाले.

त्याच संध्याकाळी इंदिराबाईंनी आत्यांच्या चंचीतली डबी मागून घेतली. बोटभर चुना पाण्यात कालवून ठेवला. सकाळी तो तळाशी बसला होता, वरचं नितळ पाणी त्यांनी हलक्या हातानं बाटलीत ओतून घेतलं.

गुरुवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. निम्मी तोंडं ओळखीची. पुढच्या रांगेत तालमीतला इंद्रजित, आजीला घेऊन आलेला. पेले भरून द्यायला नकोशी नावाची नेहमीची सेवेकरीण. तिशीतली बाई, कपाळ मोकळं. महिन्यापूर्वी तिचा नवरा न्यूमोनियानं गेला होता. तीन बैठका पुऱ्या करून गेला होता. महाराजांनी तिला सांगितलं, तू मधला उपास मोडलास म्हणून गेला. तेव्हापासून ती दर गुरुवारी इथं पाप फेडायला राबत होती.

आनंदरावांची पाळी आली. आई अजून आली नाही असं सांगून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "महाराज, आता किती उरले?"

आत्यांसाठी पाच यायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. तरी जीव आतून म्हणत होता, दोन म्हण. एक काढला, दोन राहिले, असं म्हण. माझं पोरगं तसलं नाही.

झुंबरनं डोळे मिटले, मान डोलावली.

"तिघांतला एक म्या काढला हुता. पर तुमी आईला दवाखान्यात ठिवली. थितली हवा बाधली. आता पाच झाल्यात, पाच!"

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. इंदिराबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंदरावांनी खिशातला कागद उलगडला, बघितला आणि बायकोच्या हातात दिला.

"या कागदावर पाच लिहिलंय," इंदिराबाई गर्दीकडे वळून म्हणाल्या. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची त्या आवाजाला सवय होती. "ते मी काल लिहिलं. खरा आकडा तीनच आहे, पाच हे माझं खोटं आहे, आणि ते मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. महाराजांना छातीतलं काही दिसत नाही. त्यांना लॅबमधून फोन येतो."

कुजबुज सुरू झाली. झुंबर उठून उभा राहिला. "बाई, देवाची परीक्षा घेता व्हय? मळी काय खोटी हाय? ती तर समद्यांनी डोळ्यांनी बघितली."

"इंद्रजित, पुढं ये. तुला काय होतंय?"

"मला? काय न्हाय बाई. आज्जीला खोकला हाय."

इंदिराबाईंनी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि नळी त्याच्या हातात दिली. इंद्रजितनं फुंकलं. अर्ध्या मिनिटात पाणी पांढरं झालं. रोज पाचशे जोर काढणाऱ्या पैलवानाच्या छातीतून आत्यांच्या न्यूमोनियाइतकीच मळी निघाली.

"हे पाणी मी घरी केलं. आमच्या आत्यांच्या तंबाखूच्या चुन्याचं. तुमच्यातले निम्मे माझ्या वर्गात होते. आठवीत काय लिहिलं होतंत?"

मग मागून एक दाढीवाला बाप्या परीक्षेत लिहिल्यासारखं म्हणाला, "उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याची निवळी दुधाळ होते."

"किती मार्कांना होतं?"

"दोन मार्काला, बाई."

कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. झुंबर मात्र अजून हरला नव्हता. "आन् तिसऱ्या बैठकीला पाणी निवळ ऱ्हातं ते? तवा श्वासात वायू नसतो व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर इंदिराबाईंनी द्यायच्या आधी नकोशी बोलली. हळू बोलली, म्हणून सगळे गप्प झाले.

"तिसरीचं पाणी माठातलं असतं. पयल्या दोन बैठकींचं पितळी घागरीतलं. म्या स्वता वतते. घागरीला कुनाचा हात लागू दिऊ नको, सोवळं हाय, म्हून सांगितलंय मला." ती झुंबरकडे बघत होती. "माठात साधं पाणी हाय. म्या आडावरनं आणते."

तिनं दोन पेले भरले, एक घागरीतला, एक माठातला, आणि दोन्हींत स्वतः फुंकलं. पहिला पांढरा झाला. दुसरा नितळ राहिला.

"माझ्या मालकाचं तिसरं पाणी निवळ झालं," ती म्हणाली. "त्या दिवशी आमी दवाखान्याची औषिदं उकिरड्यावर टाकली. आठव्या दिवशी ते गेलं. महाराज, त्यो माठ हुता का?"

झुंबरची नजर मागच्या उंबराकडे गेली. उंबराच्या बुडाशी ओतून ओतून मातीवर चुन्याचा पांढरा थर चढला होता. तो दर गुरुवारी सगळ्यांच्या नजरेसमोर होता.

दुपारी इंदिराबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा पुष्कर वॉर्डाबाहेर उभा होता. बातमी इंदिराबाईंच्या आधीच बारामतीत पोचली होती. त्यानं खाली बघतच सांगितलं, की झुंबरकडून दक्षिणेतला वाटा मिळायचा. लोकांना धीर येतो, त्यात वाईट काय, असं वाटलं होतं. निवळीची कल्पना आपलीच, झुंबरला फक्त चुना ठाऊक होता.

"पण बाई," तो म्हणाला, "तुमीच शिकिवलंत की."

इंदिराबाईंना एवढं कशानंच लागलं नव्हतं.

"आत्यांना गुरुवारी ऑक्सिजन काढून नेणार होते," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक होतं?"

त्यानं मान हलवली. ठाऊक होतं.

"त्यांच्या भाकरी खाल्ल्यास रे तू."

तो रडायला लागला. इंदिराबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. संध्याकाळी त्यांनी लॅबच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली. झुंबरच्या नावाखाली दुसरं नाव लिहिताना हात थांबला. मग आत्यांच्या नाकातली नळी आठवली आणि ते नाव त्यांनी वळणदार अक्षरात पुरं लिहिलं. आनंदराव शेजारी होते. साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली, आणि आपण स्वतः काय करायला निघालो होतो तेही लिहायला लावलं.

आत्यांचा ऑक्सिजन दहा दिवसांनी निघाला. घरी आल्यावर त्यांनी आधी डबी मागितली. डबी रिकामी बघून सुनेला दोन शब्द सुनावले, पुष्कर का येत नाही म्हणून विचारलं, आणि समजल्यावर त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात इंदिराबाईंनी आठवीच्या वर्गात निवळी केली. चोवीस वर्षं त्या दर वेळी एखाद्याच मुलाला पुढं बोलवायच्या, बाकीचे वहीत उत्तर उतरवायचे. या वेळी वह्या बंद ठेवल्या. चाळीस पेले मांडले, अर्धे निवळीचे, अर्धे साध्या पाण्याचे, आणि कशात काय आहे ते सांगितलं नाही. फुंका, आणि तुम्हीच शोधून काढा. कुणी म्हणालं पाणी पांढरं झालं म्हणून आजार निघाला, तर आधी निरोग्याला फुंकायला लावा. कुणी गुप्त गोष्ट ओळखली, तर ती त्याच्याआधी कुणाला ठाऊक होती ते विचारा. एवढे दोन प्रश्न विचारायला ना यंत्र लागतं ना पदवी. ते विचारले असते तर गावात आज एक माणूस जिवंत असता.

दारात कुणीतरी उभं होतं. नकोशी. आत येऊ का, तिनं विचारलं. मुलांनी बाक सरकवून जागा दिली. ती चाळीस पेल्यांकडे आणि फुंकणाऱ्या चाळीस तोंडांकडे बघत राहिली. अर्धे पेले पांढरे झाले होते, आणि वर्गात आजारी कुणी नव्हतं.

"बाई," तिनं विचारलं, "म्या उपास मोडला त्येचा काय संबंध न्हवता?"

"काही नव्हता."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही, नकोशे."

तिनं पदर तोंडाला लावला आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली. आजवर ती स्वतःच्या पापासाठीच रडत आली होती.